भिंतीआडचे पाइप आणि राज्याला एक नियम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदाने, निवृत्त स्थापत्य अभियंत्याने, केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या दिवशी नळ आणि गटारावर बोलायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत औषधाची बाटली काढण्यासारखं आहे. पण हा विषय समितीनेच दिला आहे, आणि तो का दिला हे सोसायटीची इतिवृत्तं चाळली की कळतं. पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'पार्किंग' असेल असं मला वाटलं होतं. तो आहे 'लीकेज'. वरच्याचं बाथरूम, खालच्याचं छत, मधे दोन्ही घरांचं बोलणं बंद, आणि तिसरा पक्ष म्हणजे बिचारी समिती! हे फक्त आपल्याकडे नाही. अंधेरीतल्या कुठल्याही सोसायटीत जा, हीच तक्रार ऐकू येईल.

या भांडणात दोष कोणाचा यावर आपण तासन् तास बोलतो. काम कुठल्या नियमाने झालं होतं, हे मात्र कोणी विचारत नाही. आज मी तेवढंच विचारणार आहे.

आधी नियम असतो कशासाठी ते बघू. तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी उभं राहतं. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की या पाण्याची खोली किमान ५० मिलिमीटर हवी. म्हणजे दोन बोटं फार तर तीन बोटं पाणी. तेवढंच पाणी ड्रेनेजचा पाइप आणि तुमचं घर यांच्यामधला दरवाजा आहे. ते असेल तर वास येत नाही, झुरळं येत नाहीत, जंतूही येत नाहीत.

हा दरवाजा उघडा राहिला तर काय होतं, ते २००३ साली हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स वसाहतीने पाहिलं. सार्स नावाच्या साथीत त्या एका वसाहतीत ३०० हून जास्त लोक आजारी पडले. चौकशीत आढळलं की अनेक बाथरूममधले ट्रॅप कोरडे पडले होते. लोक फरशी पाणी ओतून न धुता नुसती पुसत होते, त्यामुळे ट्रॅपमध्ये पाणी जातच नव्हतं. एक्झॉस्ट फॅन लावला की ड्रेनेजमधली दूषित हवा घरात ओढली जायची. आपल्याकडे किती फ्लॅट बंद आहेत? कोणी मुलाकडे अमेरिकेत, कोणी गावाला. तिथले ट्रॅप दोन-तीन महिन्यांत सुकतात. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवा आणि पंधरा दिवसांनी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा. याला खर्च शून्य.

दुसरं उदाहरण उताराचं. १०० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपाला साधारण ५७ फुटांमागे एक फूट उतार लागतो. तेवढा असला की पाणी मैला वाहून नेतं. आता नूतनीकरणात कोणी कमोड पाच फूट सरकवला, तर पाइपाच्या टोकाला एक इंच जास्त खोली लागणार. ती स्लॅबमध्ये नसेल तर कारागीर काय करतो? पाइप जवळजवळ सपाट टाकतो आणि वरून चकचकीत टाइल लावून देतो. घरमालक खूश. सहा महिन्यांनी पाइप तुंबायला लागतो, जोडातून पाणी झिरपतं आणि खालच्यांच्या छताचे पोपडे पडतात.

तिसरं उदाहरण खास मुंबईचं आहे. आपल्याला पाणी चोवीस तास येत नाही. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, ठरलेले तास पाणी येतं, मग बंद. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. जमिनीखाली त्या लाइनीला भोक असेल आणि शेजारीच गळकं चेंबर असेल, तर घाण आत खेचली जाते. पुढच्या वेळी पाणी आलं की पहिली धार तीच, आणि ती थेट आपल्या सक्शन टाकीत. कावीळ, गॅस्ट्रो यांचा रस्ता हा असा आहे. म्हणून पिण्याची लाइन आणि ड्रेनेज यांत अंतर हवं, टाकीत पाणी सोडणारा पाइप टाकीतल्या पाण्याच्या वर हवा, आणि पालिकेच्या लाइनीला थेट पंप लावायला बंदी आहे. हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत.

आता मूळ प्रश्न. हे नियम लिहिलेत कुठे, आणि लागू कोणाला?

राष्ट्रीय इमारत संहिता भारतीय मानक ब्युरो काढते. पहिली १९७० ची, मग १९८३, २००५ आणि २०१६ ची. तिचा नववा भाग सगळा प्लंबिंगचा आहे. म्हणजे देशाकडे मानक आहे. पण ही संहिता शिफारस आहे. राज्याने किंवा महापालिकेने आपल्या नियमावलीत घेतली तरच ती बांधकामाला लागू होते. याशिवाय इंडियन प्लंबिंग असोसिएशनची 'युनिफॉर्म प्लंबिंग कोड इंडिया' आहे, तीही ऐच्छिक.

आता कल्पना करा, आपण अंधेरीहून डहाणू लोकल पकडली. अंधेरीत आपल्याला १८८८ चा मुंबई महापालिका कायदा लागू. दहिसर सोडून मीरा रोडला आलो की १९४९ चा महानगरपालिका कायदा. विरारपर्यंत तोच. पुढे सफाळ्याला ग्रामपंचायत, तिथे १९५८ चा कायदा. पालघरला नगर परिषद, तिथे १९६५ चा. दोन तासांच्या प्रवासात चार कायदे! पाणी खाली वाहतं हा नियम मात्र चारही ठिकाणी एकच.

राज्य सरकारने यात एक मोठं पाऊल टाकलं आहे, ते मान्य केलं पाहिजे. २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. आधी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती, तिथे जवळजवळ सगळ्या राज्याला एक झाली. पण बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं तिच्याबाहेर आहेत. मुंबईला २०१८ पासून विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. पाणीपुरवठा आणि ड्रेनेजसाठी दोन्ही नियमावल्या राष्ट्रीय संहितेकडेच बोट दाखवतात. मग तुम्ही म्हणाल, झालं की, एकसमान मानक आलं!

कागदावर बरंचसं आलं. पण ते पोहोचतं नवीन इमारतीच्या मंजूर नकाशापर्यंत आणि भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत. आपली इमारत उभी राहिली तेव्हा मुंबईत १९९१ ची नियमावली होती आणि संहिता होती १९८३ ची. त्यानंतर आपल्याकडे किती बाथरूम फोडली गेली? त्यातलं एकही काम कोणी कुठल्या संहितेशी ताडून पाहिलेलं नाही. हे काम करतो तो नाक्यावरचा कारागीर. त्याचा हात चांगला असतो, पण त्याला कोणी संहिता मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवलेली नाही. परवानाधारक नळकारागीर असतात, पण परवाना ज्या त्या महापालिकेचा, आणि घरातल्या दुरुस्तीला त्यांना बोलावतो कोण?

हा अनुभव जगाला नवा नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रत्येक शहराचा प्लंबिंगचा नियम वेगळा होता. घरबांधणीचा खर्च विनाकारण वाढत होता. तेव्हा तिथले वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्या खात्याने प्रयोगशाळेत चाचण्या करून घरांच्या प्लंबिंगची किमान मानकं तयार केली. त्यातला 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे.

कारण सगळं सरसकट एक करणंही चुकीचं ठरेल. कोकणात पाऊस कोसळतो, आणि लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. दोन्हीकडे टाकी किती मोठी हवी, पावसाचं पाणी कसं साठवायचं, हे एकच असू शकत नाही. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा आकडा धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. तो आकडा कागदावर सारखा लिहून लातूरच्या नळाला पाणी येत नाही. पण ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी लातूरलाही तेवढंच हवं आणि अंधेरीलाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पाण्याचं प्रमाण आणि साठवण स्थानिक ठेवा, पण आरोग्य आणि सुरक्षितता यांचा किमान नियम राज्यभर एक करा.

राज्याच्या नगरविकास खात्याकडून माझ्या चार अपेक्षा आहेत. एक, हा किमान नियम मुंबईसकट सगळीकडे एकाच मजकुरात आणि मराठीत असावा, कारागिराला कळेल अशा चित्रांसह. दोन, नळकारागिराचा परवाना राज्यभर चालणारा असावा, म्हणजे पालघरचा मुलगा अंधेरीत ताठ मानेने काम करील. तीन, भिंत किंवा फरशी फोडून होणाऱ्या दुरुस्तीलाही तो नियम लागू असावा. चार, इमारत ताब्यात देताना बिल्डरने पाइपांचा प्रत्यक्ष टाकलेला नकाशा सोसायटीला देणं सक्तीचं असावं. आज भिंतीत ड्रिल मारताना आपण देवाचं नाव घेतो, ते बंद व्हावं.

हे कधी होईल ते सरकार जाणे. आपण तोवर थांबायचं कारण नाही. सर्वसाधारण सभा ही आपल्या इमारतीची विधानसभाच आहे. फ्लॅटमध्ये बदल करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, असं आदर्श उपविधी आजही सांगतात. सोसायटीने काय दुरुस्त करायचं आणि सभासदाने काय, याचीही वाटणी तिथे आहे. बाहेरच्या सामाईक लाइनी, टाक्या, पंप, ड्रेनेज हे सोसायटीचं. घरातल्या संडास, सिंकची गळती सभासदाची. पाणीपट्टीसुद्धा घरातल्या नळांची संख्या आणि आकार बघून आकारायची असते. बाल्कनीत गुपचूप नळ काढणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं! (हशा)

तेव्हा येत्या सभेसाठी मी काही सूचना ठेवतो. परवानगीच्या अर्जाला एका पानाचं प्लंबिंगपत्रक जोडा. ट्रॅपची खोली, पाइपाचा उतार, वॉटरप्रूफिंगनंतर फरशीवर पाणी साठवून घेतलेली चाचणी आणि पाइप झाकण्याआधीचे फोटो, एवढं त्यात असावं. फोटो सोसायटीच्या फाइलीत राहतील, पुढच्या पिढीला तोच नकाशा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींना दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आपण त्याच वेळी पाइपांचीही तपासणी करून घेऊ. जीआय पाइप पंचवीस-तीस वर्षांत आतून गंजून अरुंद होतात. वरच्या मजल्यांना धार बारीक येते ती बऱ्याचदा त्यामुळे, पंप बदलून ती वाढणार नाही.

पैशांचं काय? दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का, हे उपविधीतच आहे. मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला की आपण तो पुढच्या सभेवर ढकलतो. पाइप पुढच्या सभेची वाट बघत नाहीत.

आणि एक सूचना मी विनंती म्हणून करत नाही, तो कायदा आहे. चेंबर किंवा टाकी साफ करायला माणसाला सुरक्षेच्या साधनांशिवाय आत उतरवायचं नाही. गटार आणि सेप्टिक टाकीच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने त्याला बंदीच आहे. बंद टाकीत विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो. "पाच मिनिटांचं काम आहे" असं म्हणून उतरलेला माणूस वर येत नाही. दोन पैसे वाचवण्यासाठी आपल्या आवारात असं काही घडलं, तर पन्नासावा वाढदिवस साजरा करायला आपल्याला तोंड राहणार नाही.

शेवटी एवढंच. १८६० साली विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं, तेव्हापासून या शहराने तलावांवर, जलवाहिन्यांवर अफाट कष्ट घेतले. ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून शेकडो फूट व्यासाचे नव्हे, पण माणूस उभा राहील एवढे पाइप टाकून पाणी आपल्या फाटकापर्यंत आणलं. फाटकापासून नळापर्यंतचा शेवटचा टप्पा आपला आहे. तो नीट ठेवला तर वरचा आणि खालचा शेजारी लिफ्टमध्ये पुन्हा एकमेकांशी बोलतील, आणि इतिवृत्तात 'लीकेज'च्या जागी दुसरा काही शब्द येईल. पार्किंग तर आहेच!

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.