ठाण्याच्या काजीपुढची चर्चा
(शीळफाटा येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आपल्या शीळफाट्यावरून एक रस्ता कल्याणला जातो, एक मुंब्र्यावरून ठाण्याला. वर्गात दोन्हीकडची माणसे येतात. मागे एका बाईंनी विचारले, "ईसा आणि येशू एकच का हो?"

होय, एकच. कुराणात ईसा आहे. त्याची आई मरियम आहे, तिच्या नावाचा एक अध्यायच आहे, एकोणिसावा. ईसा बापावाचून जन्मला, हे दोघेही मानतात. फरक पुढे पडतो. ख्रिस्ती म्हणतात, येशू देवाचा पुत्र. मुसलमान म्हणतात, ईसा थोर पैगंबर; पण देव एकच, त्याला मूलबाळ नाही.

याच प्रश्नावरून ठाण्यात माणसे मेली आहेत. सन १३२१ ची गोष्ट. ठाणे तेव्हा बंदर होते आणि दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. चीनकडे निघालेले चार ख्रिस्ती साधू तिथे उतरले: थॉमस, जेम्स, पीटर आणि देमेत्रियस. एका ख्रिस्ती कुटुंबात ते राहिले. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती काजीकडे गेली आणि म्हणाली, घरातले साधू साक्षीला आहेत.

काजीने साधूंना बोलावले. पीटर सामान राखायला घरी राहिला. आता बघा, साक्ष द्यायची होती मारहाणीची. पण प्रश्न निघाले धर्माचे. मार खाल्लेली बाई बाजूलाच राहिली! येशू देव कसा, यावर बराच वाद झाला. मग काजीने विचारले, आमच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय? साधूंनी आधी टाळले. पुन्हापुन्हा विचारल्यावर थॉमस कठोर बोलला. ऐकणाऱ्यांची मने दुखावली, हे खरे. पण विचारणाराच न्यायाधीश, आणि उत्तर चुकले तर जीव जाणार! याला चर्चा कशी म्हणावी? एप्रिल महिन्यात तिघे मारले गेले, दोन दिवसांनी पीटरही. त्यांचा सोबती जॉर्डन याने त्यांना सोपाऱ्याला पुरले. पुढे ओदोरिक नावाचा साधू आला. तो त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला.

ही हकीकत आपल्याला जॉर्डन आणि ओदोरिक यांच्याकडून मिळते. दोघे साधूंच्याच बाजूचे. काजीने घरी जाऊन काय सांगितले असेल, तेही आम्हांला ऐकायला आवडले असते.

खरे म्हणजे वाद कसा करावा, हे दोन्ही ग्रंथांत आहे. कुराणाच्या एकोणतिसाव्या अध्यायात सांगितले आहे की, ग्रंथ मिळालेल्या लोकांशी वाद करायचा तर चांगल्या रीतीने करा. बायबलात पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे की, श्रद्धेचे कारण कुणी विचारले तर उत्तर द्या, पण सौम्यपणे. काजी आणि थॉमस, दोघांनीही आपापला ग्रंथ वाचला असणार.

पुढच्या आठवड्यात आपण मरियमेची गोष्ट वाचू. आधी कुराणातली, मग लूकच्या शुभवर्तमानातली. ज्यांच्या घरी हे ग्रंथ मराठीत असतील, त्यांनी घरच्यांना विचारून घेऊन यावे. वाचायला त्या बाईंनाच बसवू.