ओढ्याकांठचा शीळकरी

आषाढांतल्या एखाद्या पहाटे माथेरानास किंवा महाबळेश्वरास उतरलेल्या पाहुण्यास अंथरुणांतच जाग येते, ती खिडकीबाहेरच्या शिळेनें. कोणी पोरगा रमतगमत चालला आहे, एक सूर धरतो, तो सोडून दुसऱ्याकडे वळतो, मध्येंच विसरतो आणि पुन्हा नव्यानें आरंभ करतो, असा भास होतो. पाहुणा मनांतल्या मनांत त्या पोरावर रागावतो. खिडकी उघडून पाहतो तों बाहेर धुकें, गळणारीं झाडें, आणि रस्त्यावर चिटपाखरूंहि नाहीं. इंग्रजांनीं या पक्ष्यास 'शीळ घालणारा शाळकरी पोर' म्हटलें, तें याच फसगतीवरून. मराठींत हा शीळकरी कस्तूर.

नांव ठाऊक झालें तरी ओळख पटतेच असें नाहीं. पुस्तकांतल्या चित्रांत त्याचें कपाळ व खांदे झगझगीत निळे दाखविलेले असतात, आणि त्या निळाईच्या शोधांत निघालेला मनुष्य पक्षी समोर असूनहि परत येतो. पिसांतला हा निळा रंग कांहीं रंगद्रव्याचा नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट तऱ्हेनें विखुरला म्हणजे तो दिसतो. ओढ्यावरच्या दाट सावलींत तसा प्रकाश कोठून यावयाचा? तेथें दिसतो तो साळुंकीहून किंचित् मोठा, सुमारें २५ सेंटीमीटर लांबीचा, काळाकुट्ट पक्षी. केरळांतील लोकांनीं त्यास 'चूळक्काक्का', म्हणजे शिळेचा कावळा, असें नांव दिलें आहे. त्यांनीं डोळ्यांना दिसलें तेंच सांगितलें, चित्रकारापेक्षां प्रामाणिकपणें!

तेव्हां ओळख रंगावरून न धरतां स्थळावरून व चोंचीवरून धरावी. सह्याद्रींतल्या साध्या कस्तुराची चोंच नारिंगी-पिवळी असते. शीळकऱ्याची चोंच व पाय दोन्ही काळे. हिंवाळ्यांत पाहुणा म्हणून येणारा नील कस्तूर फिकट, धुरकट निळा असून उघड्या कातळावर, किल्ल्याच्या तटावर, प्रसंगीं घराच्या गच्चीवरहि बसतो. नैनितालच्या बाजूस गेलेल्यांना ओढ्याकांठीं याचाच थोरला भाऊ भेटतो. त्याची चोंच मात्र पिवळी असते. एक गंमत अशी कीं नांवांत 'कस्तूर' असला तरी अलीकडील आनुवंशिक तपासणीनें शीळकऱ्यास दयाळाच्या कुळांत नेऊन बसविलें आहे.

त्याचें राज्य डांगपासून केरळापर्यंतच्या पश्चिम घाटांत आहे. शिवाय अबूचा पहाड आणि सातपुड्यांत पंचमढीकडेहि तो आढळतो. परंतु नकाशावरील एवढा विस्तार फसवा आहे, कारण प्रत्यक्षांत त्याला हवी असते ती पाण्याची अरुंद पट्टी: वर झाडांची सावली, खालीं शेवाळलेले धोंडे, आणि त्यांमधून वाहणारें पाणी. दगडावरून दगडावर उड्या मारीत, शेंपटी पसरीत तो किडे, गोगलगाई, लहान खेंकडे व बेडूक टिपतो. फळेंहि त्यास वर्ज्य नाहींत. पावसाळा हाच त्याच्या संसाराचा मुख्य काळ. मुळें, गवत, शेवाळ व चिखल यांचें घरटें तो धबधब्याशेजारच्या कपारींत, क्वचित् घराच्या वळचणीसहि बांधतो. अशा ओढ्याचें पाणी वरच्या वर नळांत घेतलें आणि कांठचीं झाडें तोडलीं, तर डोंगर तोच राहतो, पण शीळकऱ्याची पट्टी नाहींशी होते. हवेची ठिकाणें वाढवितांना हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं.

गोड गळ्यापायीं पूर्वी लोक त्यास पिंजऱ्यांत पाळीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास पकडण्याची मनाई आहे; आणि तसेंहि, पाण्याच्या घोषावरून तरंगत येणारी ती शीळ दिवाणखान्यांत ऐकणें ही हौस निराळीच म्हणावयाची.

ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनीं जून ते सप्टेंबर या दिवसांत, उजाडण्यापूर्वीं, ओढ्यावरील एखाद्या पुलाशीं न बोलतां उभें राहावें. दिवाळीनंतर जाणारे प्रवासी पक्षी निघून गेला असें सांगतात. तो बहुधा त्या डोंगरांतच असतो. गाणें थांबलेलें असतें एवढेंच, आणि धोंड्यावरून उडतांना काढलेली एक तीक्ष्ण 'क्री' कानीं पडते.