अंथरूण आणि अंगाची ऊब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असे आपण मुलांना शिकवतो. पण ते अंथरूण कशाचे आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्याच्यावर जातो, त्या अंथरुणाविषयी आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऊब असते ती आपल्या अंगाची. गादी-गोधडी ती फक्त धरून ठेवते, आणि तेही आपल्यात अडकलेल्या हवेच्या जोरावर. थंडीच्या पहाटे पितळेचा हंडा आणि घोंगडी यांना हात लावून पाहा. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत होती, म्हणजे सारखीच थंड. तरी हंडा अधिक गार लागतो, कारण तो हाताची उष्णता झटकन ओढून घेतो. घोंगडीतली हवा ती जाऊ देत नाही.

झोप लागताना आपले शरीर थोडे निवत असते. हातपाय कोमट होतात, कातडीवाटे उष्णता बाहेर पडते आणि रात्रीतून आतले तापमान सुमारे १ अंशाने उतरते. हे निवणे अडले की झोप चाळवते. शिवाय घाम दिसला नाही तरी कातडीतून ओल सतत निघत असते. चांगल्या अंथरुणाने या दोन्हींना वाट द्यावी.

कापूस ओल शोषतो आणि हवाही खेळू देतो. मात्र तो वजनाने दबतो, त्याच्या गाठी होतात, हवा निघून जाते. मग गादी कडक लागते. पिंजारी तोच कापूस पिंजून देतो तेव्हा गादी फुगते, ती ही हवा परत आल्यामुळे. गाद्या उन्हात घालण्याची आपल्या सासूबाईंची शिस्तही खरीच होती. साठलेली ओल त्याने जाते.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते खरी, पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते, तरी ओली लागत नाही. पौषातल्या थंडीत वरून दोन-दोन पांघरुणे घेऊनही पाठ गारठते, कारण खालचा थर आपल्या वजनाने दबलेला असतो. त्यातले एक पांघरूण अंगाखाली घ्यावे. उलट वैशाखात, आपल्या शिरूर भागात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सुंभाची बाज बरी. तिच्या खालूनही वारा फिरतो.

आता घरोघरी फोमच्या गाद्या आल्या आहेत. हा फोम ज्या पॉलियुरेथेनचा, ते जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधले. अंगाच्या आकाराप्रमाणे दबणारा ‘मेमरी फोम’ १९६६ साली अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता तयार झाला. तो अंगाच्या उबेने मऊ होतो, अंग त्यात रुतते आणि उष्णतेची वाट अरुंद होते. फोम कापसासारखी ओलही शोषत नाही. या गादीत सोय आहे. ती हलकी असते, गाठी होत नाहीत. घेतली असेल तर टाकू नका. पण नवी राहावी म्हणून वरचे प्लॅस्टिक तसेच ठेवू नका, ते काढा. आणि वर जुन्या सुती लुगड्यांची वाकळ अंथरा.

तान्ह्या बाळाला मऊ गादीत रुतवू नये. सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे, तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये, उन्हाळ्यात फार गुंडाळू नये. मेणकापड लागलेच तर लहानसा तुकडा, तोही दुपट्याखाली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ घामाने ओली राहिली तर जखमा लवकर होतात. कूस वेळोवेळी बदलावी आणि चादर कोरडी ठेवावी.

शेवटी आपल्याविषयी. चांगली गादी पाहुण्यांना, त्याखालची घरधन्याला आणि मुलांना, आणि उरलेसुरले आपल्याला, असा बहुतेक घरांतला रिवाज आहे. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या काळात पुष्कळ बायकांच्या अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. घरात म्हणतात, “हिचा स्वभावच चिडका झाला.” भगिनींनो, जिची झोप रात्रीतून चारदा मोडते, तिने हसतमुखाने चूल कशी पेटवावी? अशा बाईला सुती अंथरूण, एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ पांघरुणे आणि खिडकीजवळची जागा मिळाली, तर पुष्कळ आराम पडतो. त्रास फार असेल तर डॉक्टरांना दाखवावे, लाजू नये.

तेव्हा घरी गेल्यावर सगळ्यांची अंथरुणे एकदा उलगडून पाहा, उन्हात घाला. आणि त्यांत स्वतःचे विसरू नका, एवढीच माझी विनंती.