परदेशी वास्तुशिल्पी, स्वदेशी वास्तू

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. या व्यासपीठावरून आजवर संतांची आणि समाजधुरीणांची चरित्रे विद्वान वक्त्यांनी सांगितली आहेत. मी विद्वान नव्हे. इमारतींच्या कामावर देखरेख करण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा माझ्या वाट्यास एका वास्तुशिल्प्याचे चरित्र यावे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. हा वास्तुशिल्पी आपल्या ज्ञातीचा नव्हे, प्रांताचा नव्हे, जन्माने या देशाचाही नव्हे. तरीसुद्धा आपल्या नियोजित विद्यार्थी-वसतिगृहाचे नकाशे कायम होण्यापूर्वी आपण त्याची ओळख करून घ्यावी, असे मला मनापासून वाटते. त्याचे नाव लॉरी बेकर.

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी झाला. त्याच शहरात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३७ साली ते पदवीधर झाले. तरुणपणीच त्यांनी क्वेकर पंथ स्वीकारला होता. शस्त्र हाती धरावयाचे नाही आणि राहणी साधी ठेवावयाची, ही त्या पंथाची शिकवण. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बेकरांनी सैनिक होण्याचे नाकारले आणि क्वेकरांच्या रुग्णसेवा पथकात नाव नोंदवले. त्या पथकाबरोबर ते चीनमध्ये गेले. तेथे जखमींची आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करण्यात त्यांची काही वर्षे गेली. ज्या वयात वास्तुशिल्पी आपले नाव व्हावे म्हणून धडपडतो, त्या वयात हा तरुण रोग्यांच्या जखमा बांधीत होता.

चीनमधून मायदेशी परतताना, १९४४ च्या सुमारास, बोटीची वाट पाहत त्यांना आपल्या मुंबईत काही महिने मुक्काम करावा लागला. या मुक्कामात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. भेटीचे निमित्त मोठे मौजेचे होते. बेकरांच्या पायांत टाकाऊ कापडाचे, स्वतःच्या हातांनी शिवलेले जोडे होते. तसले जोडे करण्याची कला ते चीनमध्ये शिकले होते. महात्माजींची दृष्टी त्या जोड्यांवर गेली आणि त्यावरून बोलणे निघाले. बेकर वास्तुशिल्पी आहेत असे कळल्यावर महात्माजींनी त्यांना सुचवले, की तुमच्या विद्येची गरज शहरांपेक्षा आमच्या खेड्यांना अधिक आहे. आदर्श घर ते, की ज्याचे सर्व साहित्य त्या जागेच्या पाच मैलांच्या परिघात मिळते, हा विचारही त्यांनी बेकरांपुढे मांडला. बेकरांनी तो आयुष्यभर जपला.

१९४५ साली कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून ते भारतात आले. जुन्या आश्रमांची रुग्णालये करावयाची, हे त्यांचे काम. परंतु येथे पाऊल ठेवताच त्यांच्या ध्यानी आले, की बर्मिंगहॅमला घेतलेली विद्या या भूमीत फारशी चालत नाही. माती, जांभा, शेण ही बांधकामाची द्रव्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकांत नव्हती. वाळवी आणि मोसमी पाऊस हे शत्रूही त्यांच्या परिचयाचे नव्हते. अशा वेळी दुसरा एखादा येथील गवंड्यांना अडाणी ठरवून मोकळा झाला असता. बेकरांनी स्वतःलाच अडाणी ठरवले आणि गवंड्यांना गुरू केले. बंधुभगिनींनो, या चरित्राचे मर्म मला येथेच सापडते. शिकवण्यासाठी आलेला मनुष्य शिकण्यास बसला, आणि त्याच दिवशी तो अर्धा या देशाचा झाला.

उत्तर प्रदेशात फैजाबाद येथे काम करीत असता डॉ. एलिझाबेथ जेकब या केरळीय विदुषीशी त्यांचा परिचय झाला. दोन्ही घरांतून विरोध होता, तरी १९४८ साली ते विवाहबद्ध झाले. विवाहानंतर हे दांपत्य हिमालयाच्या कुशीतील पिथोरागड भागात सहलीस गेले. डॉक्टरीणबाई आल्याचे कळताच आसपासच्या वाड्यांतून रोगी येऊ लागले. त्यांना सोडून जाणे काही त्यांच्याने होईना. सहलीस गेलेले हे जोडपे तेथे सोळा वर्षे राहिले! बाईंनी रुग्णालय चालवले आणि बेकरांनी ते बांधले. डोंगरी माणसे आपल्याच दगडलाकडांतून थंडीवाऱ्याला पुरून उरणारी घरे कशी उभारतात, हे त्यांनी तेथे बारकाईने पाहिले. १९६३ साली ते केरळात वागमण येथे आले. १९७० च्या सुमारास त्यांनी त्रिवेंद्रम, म्हणजे आजचे तिरुवनंतपुरम, येथे कायमचे बिऱ्हाड केले. ज्या कामांमुळे त्यांचे नाव झाले, ती बहुतेक त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर केली.

ती कामे कशी होती, हे थोडे विस्ताराने सांगतो. कारण व्यवहाराचा भाग हाच आहे. बेकर प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारीत : तुझी येथे गरज आहे काय? भिंतीला गिलाव्याची गरज आहे काय? वीट चांगली भाजलेली असेल आणि दर्जे नीट भरले असतील, तर नाही. खिडकीला जड चौकट हवी काय? वारा आणि उजेड एवढेच हवे असेल, तर भिंतीतल्या विटा मधूनमधून गाळून केलेली जाळी ते काम स्वस्तात करते. शिवाय ती भर उन्हाचा त्रास कमी करते आणि चोरालाही वाट देत नाही. दारांवर काँक्रीटच्या लिंटलऐवजी विटांची कमान त्यांना पुरे होई.

त्यांच्या भिंतीची एक रीत प्रसिद्ध आहे. तीत विटा निजवून न रचता कडेवर उभ्या रचतात आणि मध्ये पोकळी राखतात. गवंडी तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. या रीतीने सुमारे चतुर्थांश विटा वाचतात, आणि पोकळीतील हवेमुळे बाहेरची उष्णता आत येण्यास अटकाव होतो. स्लॅबच्या बाबतीतही तसेच. स्लॅबच्या खालच्या अंगाचा ताण लोखंडी सळया सोसतात. तेथील काँक्रीट भार वाहण्याच्या दृष्टीने बहुतांशी निरुपयोगी असते. म्हणून बेकर सळयांच्या मधल्या जागेत टाकाऊ मंगळुरी कौले बसवीत. काँक्रीट वाचे, वजन घटे, आणि खालून पाहणारास छत नक्षीदार दिसे.

त्यांच्या गोल भिंतींना लोक लहर समजत. पण तीही काटकसरच होती. शंभर चौरस फुटांच्या चौरस खोलीस चाळीस फूट भिंत लागते, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल खोलीस सुमारे साडेपस्तीस फूट पुरते.

अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांच्या प्रेरणेने १९७१ साली त्रिवेंद्रमला विकास अध्ययन केंद्र स्थापन झाले. त्याचे आवार हे बेकरांचे सर्वांत परिचित काम. दहा एकरांच्या त्या टेकडीवर त्यांनी जमीन सपाट केली नाही. भिंती झाडांना वळसा घालून जातात, अंगणे उताराबरोबर खाली उतरतात. त्याच शहरातील थंपानूर भागात त्यांनी इंडियन कॉफी हाऊसची शंखाकृती इमारत उभारली. तेथे चढत्या उतरणीच्या कडेने मेजे मांडलेली आहेत. कोळ्यांच्या झोपड्यांपासून प्रार्थनामंदिरांपर्यंत सर्व कामे त्यांनी सारख्याच आस्थेने केली. कित्येक आराखडे त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर काढले. काम चालू असता ते स्वतः गवंड्यांजवळ उभे राहत. १९८५ साली अच्युत मेनन, राज प्रभृतींच्या सहकार्याने स्थापन झालेली कॉस्टफोर्ड ही संस्था हेच कार्य पुढे नेत आली आहे. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले आणि १९९० साली पद्मश्री लाभली. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरम येथेच त्यांनी देह ठेवला.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे कोकणात आहेत आणि केरळाचे व कोकणाचे हवापाणी सारखे आहे. माझे वडिलार्जित घर चिऱ्याचे होते. पुढे पडवी, आत माजघर, वर मंगळुरी कौले. चार पैसे हाती येताच मी त्यावर सुधारणेचा बडगा उचलला. कौले उतरवून स्लॅब घातला आणि चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. त्या वेळी माझ्या वृद्ध चुलत्यांनी विचारले, "अरे, एवढ्या पावसात हे सपाट छपर टिकेल का?" मी शिकलेला; मी हसलो. तिसऱ्या पावसाळ्यात स्लॅब गळू लागला. आज त्याच्यावर पत्र्याची शेड आहे आणि वैशाखात तेथे दुपारी कोणी पाठ टेकू शकत नाही. आपल्या गावांतून फिरून पाहा, अशी घरे जागोजाग दिसतील. जी कौले मी कवडीमोलाने विकली, तसलीच कौले तो परदेशी मनुष्य आदराने स्लॅबात बसवीत होता. हा दोष मी दुसऱ्या कोणावर ढकलीत नाही. तो माझा आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जुने ते सर्व चांगले काय? नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती बव्हंशी दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी अंगावर कोसळून. साहित्य गावचेच होते. पण भिंतींना बांधून धरणारा सांधा नव्हता. तेव्हा स्थानिक म्हणजे सुरक्षित, असे समीकरण करणे घातक होईल. बेकरांनी जुन्याची पूजा केली नाही. जुन्याची परीक्षा केली. त्यांच्या स्लॅबात सळया होत्या आणि जेथे सिमेंट हवे तेथे सिमेंट होते. नको तेथे मात्र ते नव्हते. स्वस्त घर आणि निकृष्ट घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या वसतिगृहाचा निधी कोणा एका धनिकाचा नाही. त्यात निवृत्तिवेतनातून दिलेली वर्गणी आहे, परदेशी गेलेल्या मुलांनी धाडलेले पैसे आहेत, आणि एका भगिनीने दिलेल्या सोन्याच्या बांगड्याही आहेत. मूळच्या योजनेत तीन मजले होते. दर्शनी भागाला ग्रॅनाइट आणि काच लावण्याचे ठरल्यापासून ते दोन झाले आहेत. तिसऱ्या मजल्यावर जी मुले राहावयाची होती, ती आता कोठे राहणार? इमारत भव्य दिसावी, समाजाचा लौकिक वाढावा, ही सदस्यांची भावना मी समजू शकतो. परंतु वसतिगृहाचा लौकिक त्याच्या दर्शनी भिंतीत नसतो. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांत असतो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की नकाशे कायम करण्यापूर्वी बांधकाम समितीने एकदा तिरुवनंतपुरमास जाऊन ती वास्तू डोळ्यांनी पाहावी. मग आपल्या नकाशातील प्रत्येक बाबीस तोच प्रश्न विचारावा : तुझी येथे गरज आहे काय? रचनेच्या मजबुतीत एक पैचीही काटछाट न करता, केवळ दिखाऊ खर्च वगळून, तिसरा मजला परत मिळेल असा माझा अनुभव सांगतो. त्या कामी माझे उरलेसुरले ज्ञान विनामूल्य सेवेस हजर आहे.

आपली मुले आज देशोदेशी जात आहेत. त्यांनाही या चरित्रात एक खूण सापडेल. मनुष्य एखाद्या देशाचा होतो तो तेथील कागदपत्रे हाती आल्याने नव्हे. तेथील माणसांकडून शिकण्याची तयारी दाखवल्याने होतो. बेकरांना नागरिकत्व सत्तरीनंतर मिळाले. पण गवंड्याशेजारी बसून त्यांनी वीट उचलली, तेव्हाच ते आपले झाले होते.