खिशांतील मैफल

घरांत गाणें असणें ही एके काळीं ऐपतीची गोष्ट होती. ज्याच्या दिवाणखान्यांत कर्ण्याचा ग्रामोफोन असे, त्याच्या ओसरीवर संध्याकाळीं चार शेजारी सहज येऊन टेकत. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, आणि तीन मिनिटांच्या आंतबाहेर गाणें समाप्त. मग सुई बदलावी, किल्ली द्यावी, तबकडी उलटी करावी. एवढ्याशा अवधींत राग उभा करण्याचें जें कसब त्या काळच्या गवयांनीं कमावलें, तें एका वेगळ्या भाषणाचा विषय आहे. पुढें १९४८ सालीं नागपुरास आकाशवाणीचें केंद्र आलें आणि तबकडी विकत न घेतांही गाणें घरांत येऊं लागलें. तें मात्र केंद्राच्या वेळेस येई. कॅसेटनें वेळ श्रोत्याच्या हातीं दिली, १९७९ मधील वॉकमननें गाण्याला पाय दिले. तरी प्रवासास निघतांना दहा कॅसेटींपैकीं कोणत्या दोन घ्याव्या, हा प्रश्न उरलाच. नागपूरहून मुंबईस जाणारी गाडी आठशेहून अधिक किलोमीटर धांवते, आणि बडनेरा येतें न येतें तोंच दोन्ही कॅसेटी ऐकून संपतात.

हा प्रश्न ज्या यंत्रानें सोडविला, त्याचा जन्म फार जुना नाहीं. १९९९ सालीं पर्सनल ज्यूकबॉक्स व २००० सालीं नोमॅड ज्यूकबॉक्स अशीं दोन यंत्रें बाजारांत आलीं होतीं. पण लोकांच्या जिभेवर जें नांव बसलें तें आयपॉडचें. २३ ऑक्टोबर २००१ रोजीं ॲपल कंपनीनें तो जाहीर केला. वजन १८४ ग्रॅम, सांठवण ५ गिगाबाइट, आणि खिशांत एक हजार गाणीं ही जाहिरात. एक हजार गाणीं म्हणजे जुन्या हिशेबानें पांचशे तबकड्या. त्या उचलून न्यावयास हमाल करावा लागला असता. २००७ सालीं हीच सांठवण १६० गिगाबाइटपर्यंत गेली. मिनिटाच्या गाण्यास साधारण एक मेगाबाइट जागा धरली, तर रात्रंदिवस ऐकत बसलें तरी तें भांडार शंभर दिवसांत संपावयाचें नाहीं.

या डबीच्या पोटांतही तबकडीच असते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पहिल्या आयपॉडमध्यें टोशिबा कंपनीची १.८ इंची हार्ड डिस्क होती. तिचे फेरे मिनिटाला ४,२००. ग्रामोफोनची सुई तबकडीस घासत जाते. येथें वाचणारें टोंक तबकडीस शिवत नाहीं, हवेच्या पातळ थरावर तरंगतें. तो थर माणसाच्या केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसतो. असें नाजूक यंत्र खिशांत घालून लोक सीताबर्डीच्या गर्दींतून जातात, अंबाझरीच्या कडेनें फिरावयास जातात, आणि तरी गाणें अडखळत नाहीं. कारण तबकडी सदोदित फिरत नसते. पुढचीं गाणीं आगाऊ वाचून ३२ मेगाबाइटच्या एका वेगळ्या स्मृतींत ठेवावीं आणि स्वस्थ पडून राहावें, अशी त्या यंत्राची रीत आहे. धक्के चुकतात, विजेचीही बचत होते.

ही रीत मात्र चार मिनिटांच्या गाण्याच्या मापानें बेतलेली आहे. पन्नास मिनिटांचा एकसंध ख्याल त्या स्मृतींत एका वेळीं मावत नाहीं. तबकडीस पुनःपुन्हां उठावें लागतें आणि विद्युत्घट लवकर उतरतो. चित्रपटगीतें ऐकणाऱ्याचें यंत्र दिवसभर चालावें आणि दरबारी ऐकणाऱ्याचें संध्याकाळच्या आधींच मिटावें, हा अन्याय खरा, पण तो कोणी जाणूनबुजून केलेला नव्हे. शिवाय विलंबित आणि द्रुत या दोन बंदिशींच्या दोन फाइली केल्या, तर सम गांठण्याच्या क्षणीं मध्येंच एक पोकळी पडे. २००६ सालच्या सुधारणेनंतर आयपॉडमधील ती पोकळी बुजली.

नागपूरकरांच्या अडचणींत ऊन हें आलेंच. अशा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत तें ३५ अंशांपर्यंतच्या उष्म्यांत वापरावें आणि ४५ अंशांवर नुसतें ठेवूंही नये, असें छापलेलें असे. ज्या शहरांत मे महिन्यांत पारा ४५ च्या पुढें जाणें ही नवलाची गोष्ट नाहीं, तेथें ही सूचना वाचून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं. नवतपांत दुचाकीच्या डिकींत दुपारभर राहिलेलें यंत्र हातांत धरवत नाहीं. उष्म्यानें लिथियमचा घट अकालीं म्हातारा होतो. पहिल्या वर्षीं दहा तास चालणारा तो तिसऱ्या वर्षीं दोन तासांवर येतो, आणि डबीस स्क्रू नसल्यामुळें घरच्या घरीं तो बदलतां येत नाहीं. सरावलेला कारागीर प्लास्टिकची पातळ पट्टी फटींत सरकवून ती उघडतो. समुद्रसपाटीपासून फार उंचावर हवा विरळ झाली म्हणजेही या तबकड्या बिघडतात म्हणे. पण सुमारें ३१० मीटर उंचीवरील नागपुरास त्याची धास्ती नको.

याहून मोठी अडचण नांवांची आहे. हें यंत्र गाण्याकडे तीन प्रश्न घेऊन येतें: गाणारा कोण, संग्रह कोणता, गाण्याचें नांव काय? राग विचारीत नाहीं, वेळ विचारीत नाहीं. अकारविल्हे लावतांना इंग्रजींतील 'दि' हें उपपद तें चतुराईनें वगळतें, पण 'पंडित' आणि 'उस्ताद' वगळावयास त्याला कोणी शिकविलेलें नाहीं. म्हणून अर्धी गायनपरंपरा एका अक्षराखालीं आणि उरलेली दुसऱ्याखालीं दाटीनें उभी राहते. 'पं.' लिहिलेलें एकीकडे, 'पंडित' लिहिलेलें दुसरीकडे, नुसतें नांव तिसरीकडे. एकाच गवयाचीं तीन घरें होतात. जुन्या पद्धतीच्या नोंदींत तर नांवास रोमन लिपींतील अवघ्या ३० अक्षरांची जागा असे. त्यांत राग, ताल आणि बंदिशीचे बोल कसे कोंबावे?

नागपूरच्याच अभिमानाचें उदाहरण घ्यावें. १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाचे लेखक व गीतकार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खांसाहेबांची भूमिका गाजविणारे वसंतराव देशपांडे नागपुरांतच वाढले व शिकले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचें. आतां 'गाणारा' या रकान्यांत वसंतरावांचें नांव घातलें तर अभिषेकी लपतात, आणि दारव्हेकरांस तर जागाच उरत नाहीं. त्यांत २०१५ सालीं त्याच नांवाचा चित्रपट आला. संग्रहाचें नांव तेंच असल्यामुळें यंत्रानें आजोबांचीं गाणीं आणि नातू राहुल देशपांडे यांचीं गाणीं एका रांगेंत बसवावीं आणि क्रम उलटसुलट करावा, असे प्रकार घडतात. एरवीं ही रांग मोठी मनोवेधक, पण तें श्रेय यंत्राचें नाहीं. सरमिसळ वाजविण्याची जी कळ आहे तिच्याविषयीं तर बोलूंच नये. रात्रीं दहा वाजतां तोडी लावणारा गवई कोणी घरांत घेतला नसता.

अशा यंत्रावर माणसाचा जीव कां जडतो, हें कळण्यासाठीं महालांतील एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणावें. घरचे गृहस्थ शाळेंतून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनीं वाड्यांतील गाण्याच्या बैठकी टेपांवर धरून ठेवलेल्या. टेपेच्या शेवटीं कोरी राहिलेली पट्टी वायां जाऊं नये म्हणून तेथें घरच्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या. पुण्यास नोकरीस असलेल्या मुलानें २००८ च्या सुमारास यंत्र आणून दिलें आणि दोन दिवाळ्यांच्या सुटींत टेपा संगणकावर उतरवून यंत्रांत भरल्या. नांवें सवडीनें घालूं म्हणाला. ती सवड आली नाहीं. पुढें संगणक भंगारांत गेला. टेपांस एका पावसाळ्यांत बुरशी धरली. राहिलें तें सारें खिशांत.

नवा संगणक आला तेव्हां यंत्र त्याला जोडलें, आणि पडद्यावर प्रश्न उमटला: यंत्रांतील संग्रह पुसून या संगणकाशीं जुळवून घ्यावें काय? गाणें आंत जावें पण बाहेर येऊं नये, असाच या यंत्राचा दंडक आहे. चोरून प्रती निघूं नयेत हा हेतु. गृहस्थांनीं होकाराच्या कळेवर बोट नेलें. मुलगा फोनवर होता. "बाबा, थांबा! कशालाही हात लावूं नका. वायर काढा आधीं," तो ओरडला. गृहस्थांनीं वायर ओढून काढली, आणि मग पुष्कळ वेळ ते यंत्र हातांत धरून बसले.

त्याच उन्हाळ्यांत यंत्रांतून टक् टक् असा आवाज येऊं लागला. हा आवाज धन्यास चांगला कळतो. वाचणारें टोंक वाट चुकल्याचें तें चिन्ह. २०१४ सालीं हार्ड डिस्कवाला आयपॉड बंद झाला होता, आणि मे २०२२ मध्यें तर आयपॉड हें नांवच कंपनीनें बंद केलें. नवीन आणणें शक्य नव्हतें. सीताबर्डीवरील एका कारागिरानें डबी उघडली, तबकडीवरून जेवढें निघालें तेवढें संगणकावर उतरवलें आणि तबकडीच्या जागीं न फिरणारें स्मृतिपत्र बसवून दिलें. असें केलेलीं जुनीं यंत्रें आजही चालतात, पूर्वीपेक्षां हलकींही होतात.

पण निघालेल्या फाइलींस नांवें नव्हतीं. हें यंत्र आपल्या पोटांत गाणीं लपवितांना प्रत्येकास चार अक्षरांचें अर्थहीन नांव देतें. खरें नांव नोंदींत असेल तरच परत मिळतें. येथें नोंदीच कोऱ्या. सहाशेंवर फाइली, आणि प्रत्येक ऐकून ओळखावयाची. रोज जेवणें झालीं कीं कूलर बंद करून गृहस्थ, त्यांची पत्नी आणि शेजारचे एक हार्मोनियम वाजविणारे काका वही घेऊन बसूं लागले. काका राग सांगत, गृहस्थ बैठकीचें वर्ष आठवून पाहत, आणि मागें कोणी खोकला तर तो कोणाचा हें पत्नी ओळखीत. सतराव्या रात्रीं भैरवी संपली, टाळ्या विरल्या, पट्टी थोडी खरखरली आणि जात्याची घरघर सुरूं झाली. काकांनीं पेटीवरचा हात काढून घेतला. गृहस्थांनीं वहींत तारीख घातली, पुढें 'आजी' असें लिहिलें, आणि ती फाइल पुन्हां पहिल्यापासून लावली.