चीज, चाल आणि नोंदीचे शीर्षक



सुळेभावीत जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळी यांची माहिती हवी असली, तर कोशात आपण 'कुमार गंधर्व' हेच नाव शोधतो. जन्मनाव नोंदीच्या आत मिळते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. माणसाच्या बाबतीत इतके सोपे असलेले काम त्याने गायिलेल्या चिजेच्या बाबतीत मात्र अडते, कारण चिजेचे बारसे कधी झालेलेच नसते. आज निपाणीत, मराठी आणि कन्नड दोन्ही कानांनी गाणे ऐकणाऱ्या श्रोत्यांपुढे, मला या अडचणीबद्दल बोलायचे आहे.

पाश्चात्त्य संगीताच्या कोशकाराचे बरे असते. बेथोव्हनची पाचवी सिंफनी म्हटले की सी मायनर आणि ओपस 67 ही ओळख तयारच असते. मोत्सार्टच्या रचनांना कोखेलने 1862 साली क्रमांक लावून ठेवले. आपल्याकडे सदारंगाच्या ख्यालांना कोणी क्रमांक लावले नाहीत. शिवाय चिजेत 'सदारंग' आले म्हणजे ती नियामत खाँचीच, असेही नाही. ही मुद्रा मागाहून इतरांनीही आपल्या रचनांत घातली. म्हणून रचनाकाराचे नाव शीर्षकात घालण्याचा मोह आवरावा, असे मला वाटते. 'चिजेत सदारंग ही मुद्रा आहे' एवढे आत लिहिले की खोटेपणा टळतो.

मग शीर्षक द्यायचे कोणते? तालमीत गुरुजी म्हणतात, "यमनमधली ती त्रितालातली घ्या," आणि शिष्याला बरोबर कळते. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतही चिजा रागवार लावलेल्या आहेत. माथ्यावर राग आणि ताल, खाली स्थायी-अंतरा. पुस्तकच रागांचे, त्यामुळे तिथे ते चालते. अकारविल्हे लावलेल्या कोशात मात्र 'यमन, त्रिताल' या शीर्षकाखाली रचनांची रांग लागेल. तिथे मुखड्याचे शब्दच हवेत. किती? चिजेचे नाव सांगताना गवई जिथे थांबतो तितके. अब्दुल करीम खाँच्या भैरवीतल्या ठुमरीला रसिक 'जमुना के तीर' म्हणतात. तीन शब्दांत काम होते. अख्खी ओळ शीर्षकात कोंबली की घराण्यागणिक बदलणारा पाठ तिथे शिरतो, आणि एकाच चिजेच्या दोन-तीन नोंदी होऊन बसतात.

दोन चिजांचे मुखडे सारखेच निघाले, तर कंसात राग द्यावा. पण आपल्या भागात एवढ्याने भागत नाही. बेळगावच्या विद्यार्थ्याची तोडी आणि म्हैसूरच्या विद्यार्थ्याची तोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडची तोडी स्वरांनी आपल्या भैरवीजवळ जाते. आपल्या तोडीसारखे स्वर तिकडे शुभपंतुवराळीत सापडतात. तेव्हा कंसात पद्धतीचेही नाव हवे. त्यातही गंमत अशी की बेळगाव, धारवाड, हुबळी ही गावे कर्नाटकात, पण तिथली परंपरा हिंदुस्थानी संगीताची. 'कर्नाटक संगीत' आणि 'कर्नाटकातील संगीत' यांची गल्लत दूरच्या संपादकाने केली तर समजू शकते. ज्या गावाच्या नावावरून इतका वाद झाला, त्या गावच्या लेखकाला तरी हा फरक सांगावा लागू नये!

पुरंदरदासांची पदे आणि आपले अभंग यांच्या शीर्षकात तर रागाचे नाव नकोच. एकच पद वेगवेगळे गायक वेगवेगळ्या रागांत बांधतात. एका ध्वनिमुद्रिकेवरचा राग शीर्षकात गेला, की त्या गायकाची निवड पदाच्या अंगाला कायमची चिकटते.

मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटणारा प्रश्न नाट्यपदांचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म 1843 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. 1880 साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यातली नांदी कोणी 'पंचतुंड' म्हणून शोधेल, कोणी 'शाकुंतलची नांदी' म्हणून. दोघेही बरोबर. नोंद 'पंचतुंड'खाली लिहावी आणि दुसऱ्या नावापुढे 'पहा' असे लिहून वाचकाला तिकडे पाठवावे. एवढे सोपे आहे.

सोपे नाही ते पुढचे. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग-तालाबरोबर कधीकधी 'चाल' दिलेली असते. ज्या आधीच्या गाण्यावरून पद बांधले, त्याचे सुरुवातीचे शब्द. म्हणजे पदाला स्वतःच्या मुखड्याचे एक आणि चालीचे दुसरे, अशी दोन नावे असतात. किर्लोस्करांच्या चालींत कानडी चालीही होत्या. गुर्लहोसूरच्या माणसाने त्या घेतल्या यात नवल नाही. नवल आपण त्या किती सहज गाळतो याचे आहे. पुढच्या संकलनात पद येते, राग येतो, गायकाचे नाव येते, आणि चालीची ती छोटी ओळ गळते. त्या ओळीबरोबर कन्नड गाणेही जाते. मराठी पद स्वयंभू दिसू लागते.

म्हणून नाट्यपदाच्या नोंदीत चाल पहिल्या वाक्यातच यावी, आणि मूळ गाण्याच्या नावाखालीही एक 'पहा' असावे. कन्नड वाचकाने त्याचे गाणे शोधले तर तो आपल्या पदापर्यंत पोचला पाहिजे.

इथे लिपीची अडचण येतेच. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत. मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत एकेकच. आपण लिहिलेल्या कन्नड मुखड्यावरून मूळ शब्द ओळखू येईलच असे नाही. छापणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी कानाने ऐकून लिहिलेला शब्द तर आणखीच निसटतो. अशा वेळी छापील रूप जसेच्या तसे ठेवावे आणि शेजारी कन्नड जाणणाऱ्याकडून तपासलेले रूप द्यावे. गुपचूप दुरुस्ती करू नये.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. घरात आजोबांच्या पेटीत संगीत नाटकाची जुनी पुस्तिका असेल, तर पदांच्या डोक्यावरची 'चाल' वहीत उतरवून घ्या आणि ती शेजारच्या कन्नड भाषक आजींना वाचून दाखवा. त्यांना गाणे आठवले, तर त्यांनी म्हटलेले शब्द तिथेच लिहून ठेवा.