कलावंताचे नाव : मिळकत आणि राखण



उत्सवाची निमंत्रणपत्रिका पुष्कळदा अशी असते : यजमानांची नावे ठळक अक्षरांत, त्याखाली कीर्तनकारांचे नाव, आणि शेवटी 'रात्री ९ वाजता गायन – स्थानिक कलाकार'. हे स्थानिक कलाकार कोण, हे गावाला ठाऊक असते; म्हणून नाव छापण्याची गरज कोणास वाटत नाही. पूर्वी ती नव्हतीही. गोमंतकातील देवळांशी बांधलेली कलावंत घराणी पालखीपुढे, मखरापुढे सेवा करीत. सेवा वंशपरंपरेची, श्रोता ठरलेला, आणि योगक्षेमाची सोय देवस्थानच्या आश्रयाने होत असे. ज्याला श्रोता शोधावयाचा नाही, त्याने आपले नाव चार गावांत कशासाठी मिरवावे? अर्थात त्या आश्रयाबरोबर बंधनही होते, आणि ते ज्यांच्या वाट्यास आले त्यांच्या लेखी तो काळ सोन्याचा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आश्रय सुटला की कलावंताजवळ दोनच गोष्टी उरतात : विद्या आणि नाव. ते नाव रसिकांपर्यंत नेण्याच्या उद्योगाला अलीकडे 'पर्सनल ब्रँडिंग' असा भारदस्त शब्द आला आहे. स्वतःची टिमकी वाजविणे म्हणून सभ्य माणसे त्याकडे पाहून नाक मुरडतात. शब्द नवा असला तरी उद्योग जुना आहे, आणि थोरामोठ्यांनी तो केलेला आहे.

ज्यांच्या देवघरात लक्ष्मीची वा सरस्वतीची जुनी रंगीत तसबीर असेल, त्यांनी तिची खालची कड निरखून पाहावी. रविवर्मा प्रेसचे नाव तेथे सापडण्याचा संभव आहे. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) हे त्रावणकोरातील किळिमानूरचे. १८७३ च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात त्यांच्या चित्रास पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव दूरवर गेले. त्यानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. बंधू राजराज वर्मा यांना बरोबर घेऊन ते आगगाडीने संस्थानोसंस्थानी हिंडले. बडोद्याच्या सयाजीरावांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. राजवाड्यात टांगलेले चित्र किती लोक पाहणार, ही खंत मुंबईत १८९४ साली काढलेल्या शिळाछापखान्याच्या मुळाशी असावी. एकेका रंगासाठी निराळा दगड, आणि सारे रंग एकमेकांवर नेमके बसविणे. मोठे कष्टाचे काम. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. परंतु चित्र काढणे वेगळे आणि कारखाना चालविणे वेगळे. कर्ज वाढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्याबरोबर अनेक चित्रे छापण्याचे हक्क गेले आणि छापखान्याचे नावही गेले. रविवर्मा निवर्तल्यावर कित्येक वर्षे त्या नावाखाली इतरांच्या हातची चित्रे, दिनदर्शिका आणि मालाच्या जाहिराती बाहेर पडत राहिल्या. ज्याने आपले नाव घराघरांत पोहोचविले, त्याच्या हाती शेवटी त्या नावाचा लगाम उरला नाही.

कलकत्त्याच्या गौहरजानने मात्र आपले नाव स्वतःच्याच आवाजात गुंफले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी ती गायली. गाणे संपताच तिने इंग्रजीत ठसक्यात सांगितले, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत; तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही सोय होती, असे सांगतात. सोय कंपनीची होती, पण सही गौहरजानची ठरली.

आता आपल्या भूमीकडे वळू. केरीच्या त्या केरकर, मालपेच्या त्या मालपेकर, कुर्डीच्या त्या कुर्डीकर : या थोर गायिकांनी नावाबरोबर आपले गावही मैफिलीत नेले. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष दिसतात. पण मोगूबाईंमुळे त्याचे नाव बाराही महिने कोरडे आहे.

केसरबाई केरकर यांचा मार्ग सर्वांहून निराळा. १८९२ साली फोंडे महालातील केरी येथे जन्म. थोडी तालीम अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, पुढे रामकृष्णबुवा वझ्यांकडे. मुंबईत आल्यावर आणखी गुरू. आणि १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांची कठोर तालीम. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ! आज पंचविसाव्या वर्षी 'सुप्रसिद्ध' हे विशेषण लावून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली. बिदागीच्या बाबतीत त्या तडजोड करीत नसत. ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या, आणि आकाशवाणीपासून त्या दूर राहिल्या. पानाच्या दुकानात उभ्या उभ्या ऐकले जावे असे हे गाणे नव्हे, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. कोणी याला अहंकार म्हणाले. असेलही थोडा. परंतु ज्या समाजाने त्यांच्या घराण्यातील स्त्रीला किंमत ठरविण्याचा अधिकार कधी दिला नव्हता, त्या समाजापुढे त्यांनी आपली किंमत आपण ठरविली. हे केवळ अहंकाराने साधत नाही. या हट्टाची झळही बसली. त्यांचे गाणे फारच थोडे उरले, आणि पुढच्या पिढ्या त्याला मुकल्या. शिष्या म्हणून नाव घ्यावे तर ते मुख्यत्वे धोंडूताई कुलकर्णी यांचेच.

आजच्या तरुण गायकापुढे पेच उलटा आहे. खिशातल्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची तान घरबसल्या जगभर जाते. मात्र रोज नवे काही टाकले नाही तर लोक विसरतील, ही धास्ती रियाझाचा वेळ खाते. त्याने सर्वस्वी केसरबाईंसारखे दार लावून घ्यावे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या घरचा दिवा त्यावर पेटतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाकडे राहणार, नावाखाली कोण काय विकणार, हे मात्र कागदावर येण्यापूर्वी त्याने विचारलेच पाहिजे. महाजनांकडूनही दोन गोष्टी सहज होण्याजोग्या आहेत. पत्रिकेत 'स्थानिक कलाकार' याऐवजी गाणाऱ्याचे, तबलजीचे आणि पेटीवाल्याचे पूर्ण नाव छापावे. चार ओळी वाढतील, छपाईचा खर्च वाढणार नाही. आणि उत्सवाचे चित्रण इंटरनेटवर घालण्यापूर्वी त्या कलावंतांची संमती घ्यावी.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकीवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि तीत केसरबाईंनी गायिलेली भैरवीतील 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले. १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. पानाच्या दुकानात वाजू नये म्हणून जपलेले ते गाणे २०१२ मध्ये त्या यानाबरोबर सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले, आणि त्या गाण्याबरोबर फोंड्याजवळच्या एका लहान गावाचे नाव.